हॉट हॅचबॅकचे वजन उतरवताना : ट्रॅक डेची तयारी, क्रम आणि मर्यादा

नोव्हाय (मिशिगन) : डेट्रॉइटच्या वायव्येला वसलेल्या नोव्हायचे नाव मोटार शर्यतींच्या इतिहासात एका इंजिनामुळे नोंदले गेले आहे. येथील उद्योजक ल्यू वेल्च यांच्या पाठबळावर तयार झालेले सुपरचार्जर जोडलेले ‘नोव्हाय’ व्ही-८ इंजिन १९४१ मध्ये प्रथम इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत उतरले. त्याचा आवाज आणि त्याची ताकद या दोन्हींची कीर्ती आजही टिकून आहे. १९४६ मध्ये राल्फ हेपबर्न यांनी नोव्हाय गाडीतून ताशी सुमारे १३३.९ मैलांच्या सरासरीने पात्रता फेरीचा विक्रम केला. मात्र साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत प्रयत्न करूनही या गाडीने ती शर्यत एकदाही जिंकली नाही. गाडी जड होती, टायर लवकर झिजत आणि इंधन फार लागे. १९४७ ते १९४९ या तीन वर्षांत विजय मिळवला तो ‘ब्लू क्राउन’ गाड्यांनी. त्यांचे इंजिन कमी ताकदीचे होते. पण गाडी हलकी असल्याने ती थांबण्याची वेळ कमी येई. विशेष म्हणजे त्या काळातील या दोन्ही गाड्या आजच्या बहुतेक हॉट हॅचबॅकप्रमाणे पुढच्या चाकांनी ओढल्या जात.

या परिसरात वाहन उद्योगात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांची संख्या मोठी आहे. त्यांपैकी अनेकांना आठवडाभर संगणकावर ज्या गाडीचे गणित मांडतो, ती शनिवारी स्वतः ट्रॅकवर चालवून पाहावी असे वाटते. त्यासाठी सर्वांत सोयीचे वाहन म्हणजे हॉट हॅचबॅक. पाच दारे, मुलांचे आसन बसवण्याइतकी जागा, भाजी आणण्यापुरती डिकी आणि दोनशेच्या आसपास किंवा त्याहून अधिक अश्वशक्ती. मात्र ट्रॅकवर नेण्यापूर्वी तिचे वजन उतरवायचे ठरवले की काही प्रश्न उभे राहतात. काय काढावे, कोणत्या क्रमाने काढावे आणि काय कधीही काढू नये, याची माहिती पुढे दिली आहे.

वजन कमी करण्याचा लाभ

उदाहरणासाठी फोर्ड फोकस एसटी घेऊ. ही गाडी नोव्हायपासून साधारण अर्ध्या तासावर असलेल्या वेन येथील कारखान्यात २०१८ पर्यंत तयार होत असे आणि येथे ती जुन्या बाजारात सहज मिळते. तिची ताकद २५२ अश्वशक्ती आणि वजन सुमारे १,४६० किलो आहे. म्हणजे दर टनामागे सुमारे १७३ अश्वशक्ती. त्यातील १०० किलो उतरवले, तर हे प्रमाण १८५ वर जाते. तेच प्रमाण इंजिनातून मिळवायचे झाल्यास सुमारे १८ अश्वशक्ती वाढवावी लागेल.

मात्र वाढलेल्या अश्वशक्तीचा उपयोग मुख्यतः सरळ भागात होतो. वजन कमी झाल्याचा उपयोग वेग वाढवताना, ब्रेक दाबताना आणि वळण घेताना अशा तिन्ही वेळी होतो. ब्रेकचा हिशेब उद्बोधक आहे. चालकासह १,५०० किलो वजनाची गाडी ताशी १६० किलोमीटरवरून ८० वर आणली, तर तिच्या गतिज ऊर्जेतील तीन चतुर्थांश भाग खर्च होतो. ही ऊर्जा सुमारे ११ लाख ज्यूल भरते. तेवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचे तीन लिटरहून अधिक पाणी उकळीला येईल. हवेचा विरोध आणि इंजिनाचा अवरोध यांचा वाटा वजा केला, तरी बहुतेक भार ब्रेकवरच पडतो आणि वीस मिनिटांच्या एका फेरीत असे अनेकदा घडते. शंभर किलो कमी झाले, तर ही उष्णता जवळपास सात टक्क्यांनी घटते. टायर आणि ब्रेक पॅड यांचे आयुष्यही त्या बेताने वाढते.

कारखान्यांनीही हा मार्ग अवलंबला आहे. रेनोने २००८ मध्ये आणलेल्या मेगान आर२६.आर या गाडीत मागची आसने काढली, मागच्या काचांच्या जागी पॉलिकार्बोनेट बसवले आणि बॉनेट कार्बन फायबरचे केले. इंजिनाची ताकद न वाढवता मूळ गाडीपेक्षा १२३ किलो वजन कमी झाले.

आधी ब्रेक, मग वजन

प्रस्तुत लेखकाने स्वतः हा क्रम उलटा लावण्याची चूक केली होती. गॅरेजमध्ये दोन संध्याकाळी खपून मागचे आसन, डिकीतील गालिचा आणि स्टेपनी काढली. वजन काट्यावर मोजले आणि समाधान मानले. ब्रेक ऑइल मात्र तीन वर्षे जुनेच राहिले. दुसऱ्या फेरीत लांब सरळ भागाच्या शेवटी ब्रेकचे पेडल दाबले, ते मऊ लागले आणि जवळजवळ तळापर्यंत गेले. पेडल दोनदा पंप केल्यावर वेग उतरला, गाडी गवतात जाऊन थांबली आणि कोणालाही इजा झाली नाही. शेजारच्या आसनावर प्रशिक्षक बसले होते. परतीच्या वाटेवर मनात राहिले ते त्यांचे तेव्हाचे मौन.

कारण साधे होते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी हीच किमान मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते आणि पायाचा दाब कॅलिपरपर्यंत पोहोचत नाही. म्हणून पहिला खर्च उच्च उत्कलनबिंदूच्या ताज्या ब्रेक ऑइलवर करावा, दुसरा ट्रॅकची उष्णता सोसणाऱ्या ब्रेक पॅडवर आणि तिसरा चांगल्या टायरवर. हे झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे. पुढच्या चाकांना थोडा अधिक उणा कॅम्बर दिल्यास वळणावर टायरची बाहेरची कड खाल्ली जात नाही. यानंतर वजनाकडे वळावे.

काय काढावे, किती उतरते

पहिला टप्पा बिनखर्चाचा आहे. डिकीतील सामान, पायपुसणी, जॅक आणि स्टेपनी काढून ठेवल्यास पंधरा ते वीस किलो सहज कमी होतात. चालकाच्या पायाखालची सुटी चटई तर सुरक्षिततेसाठी काढावीच लागते. पेट्रोलचे वजन गॅलनमागे सुमारे २.८ किलो असते. त्यामुळे पूर्ण टाकीऐवजी अर्धी टाकी ठेवल्यास आणखी पंधरा-सतरा किलो वाचतात. टाकी त्याहून फार खाली जाऊ देऊ नये. लांब वळणात पेट्रोल एका बाजूला सरकले की पंपाला ते मिळत नाही आणि इंजिन अडखळते.

दुसरा टप्पा मागच्या आसनाचा. बहुतेक हॅचबॅकमध्ये त्याचे वजन वीस ते तीस किलो असते आणि काही बोल्ट सोडवले की ते निघते. त्याखाली पेट्रोल पंपाचे झाकण असल्यास ते घट्ट बंद आहे याची खात्री करावी. बोल्ट आणि पट्ट्यांची बकले नावे लिहून पिशवीत ठेवावीत. सोमवारी मुलांना शाळेत सोडायचे असेल, तर आसन आणि पट्टे मूळ जागी, मूळ ताणाने बसले पाहिजेत. मुलांचे आसन ज्या कड्यांना अडकते, त्या कड्यांना हात लावू नये. घरात दुसरी गाडी नसेल, तर मागचे आसन न काढणेच शहाणपणाचे.

तिसरा टप्पा चाकांचा. चाक सस्पेन्शनच्या खालच्या बाजूला असते आणि फिरतेही. त्यामुळे तेथे वाचवलेल्या दोन-तीन किलोंचा परिणाम डिकीतील तेवढ्याच वजनापेक्षा अधिक जाणवतो. फोर्ज केलेली हलकी चाके महाग असतात. स्वस्त, पातळ ओतीव चाके मिशिगनच्या हिवाळ्यानंतर रस्त्यांवर पडणाऱ्या खड्ड्यांत तडकू शकतात. ट्रॅकसाठी चाकांचा वेगळा संच ठेवणे हा मधला मार्ग आहे.

चौथा टप्पा बॅटरीचा. शिसे-आम्लाच्या बॅटरीऐवजी लिथियम-आयर्न फॉस्फेटची बॅटरी बसवल्यास दहा किलोंच्या आसपास वजन उतरते आणि तेही गाडीच्या नाकावरून. कडाक्याच्या थंडीत मात्र ही बॅटरी नीट काम करत नाही. नोव्हेंबरमध्ये मूळ बॅटरी परत बसवावी.

वजन कोठून उतरते याला एवढे महत्त्व का, हे समजून घेतले पाहिजे. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या हॅचबॅकचे सुमारे साठ टक्के वजन आधीच पुढे असते. फक्त मागचे सामान काढत गेल्यास पुढचा वाटा आणखी वाढतो. ब्रेक दाबताच मागची चाके हलकी होतात. वळणाच्या मध्यावर घाबरून ॲक्सिलरेटर सोडला, तर गाडीची शेपटी बाहेर येऊ शकते. म्हणून वजन थोडे थोडे उतरवावे आणि प्रत्येक बदलानंतर गाडी कशी वागते ते कमी वेगात पाहावे.

काय काढू नये

वातानुकूलन काढण्याचा मोह अनेकांना होतो. पावसाळी दिवशी काचेवरील धुके घालवण्यासाठी तेच उपयोगी पडते. जमिनीवरचे ध्वनिरोधक थर खरवडल्यास पाच-दहा किलो जातात. पण त्याबरोबर रंग किंवा सांधे उघडे पडले, तर रस्त्यावरील मीठ दोन हिवाळ्यांत पत्रा खाऊन टाकते.

एअरबॅग आणि पट्टे ताणणारी यंत्रणा स्फोटक पदार्थावर चालते. प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने ती हाताळू नये. पुढचे आसन बदलले, तर त्यातील बाजूची एअरबॅग आणि प्रवासी ओळखणारा संवेदकही जातो. नुसताच अनेक पट्ट्यांचा हार्नेस बसवणे हा आणखी एक धोकादायक अर्धवट उपाय आहे. गाडी उलटली आणि छप्पर दबले, तर साध्या पट्ट्यातील शरीर बाजूला झुकू शकते. हार्नेस मात्र शरीराला ताठ बांधून ठेवतो. त्याला योग्य आसन, रोल बार आणि मानेचा आधार यांची जोड लागते. उलट संपूर्ण रोल केज रस्त्यावरच्या गाडीत घातला, तर हेल्मेटविना बसलेल्याच्या डोक्याजवळ पोलादी नळी येते. एकच गाडी घर आणि ट्रॅक या दोन्हींसाठी वापरायची असल्यास कारखान्याचे आसन, पट्टे आणि एअरबॅग यांची मूळ साखळी अखंड ठेवणे उत्तम.

नवशिक्या गटात प्रशिक्षक शेजारी बसतात. त्यामुळे पुढचे दुसरे आसन राहिलेच पाहिजे. चालकाला जी सुरक्षा आहे तीच प्रशिक्षकालाही असावी, असा नियम बहुतेक आयोजक पाळतात. हेल्मेट स्नेल संस्थेच्या ‘एसए’ मानकाचे घ्यावे. मोटरसायकलच्या ‘एम’ मानकात आगीची चाचणी नसते.

कायदा आणि विमा

मिशिगनमध्ये खासगी गाड्यांची नियमित वार्षिक तपासणी होत नाही. याचा अर्थ सर्व मुभा आहे असा नव्हे. सुरक्षा साधने निकामी करण्यास संघीय कायदा उत्पादक, विक्रेते आणि दुरुस्ती व्यावसायिक यांना मनाई करतो. त्यामुळे एअरबॅग काढून देण्यास गॅरेज नकार देते, तेव्हा ते कायदाच पाळत असते. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्यास स्वच्छ हवा कायद्याची मनाई आहे आणि ती खुद्द मालकालाही लागू होते.

वॉरंटीबाबत १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा ग्राहकाच्या बाजूने आहे. केवळ सुटा भाग बदलला म्हणून सगळी वॉरंटी रद्द करता येत नाही; त्या भागामुळेच बिघाड झाला, हे दिसले पाहिजे. विम्याचे मात्र उलटे आहे. नेहमीच्या अनेक पॉलिसींत ट्रॅकवरील नुकसान वगळलेले असते. पॉलिसी वाचावी आणि गरज भासल्यास त्या दिवसापुरता स्वतंत्र विमा घ्यावा.

भारतात नियम अधिक कडक आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा फेरफार करता येत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही भूमिका ठामपणे मांडली. रांजणगावच्या कारखान्यातून २०१५ मध्ये आलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो पुण्यात कोणी जपून ठेवली असेल, तर त्याने मिशिगनमधील उदाहरण जसेच्या तसे गिरवू नये.

कोठे जावे

नोव्हायपासून जवळचे ट्रॅक दोन : क्लार्कस्टनजवळील वॉटरफर्ड हिल्स आणि पॉन्टिॲकमध्ये जनरल मोटर्सच्या जुन्या कारखान्याच्या जागेवर उभारलेले एम१ कॉन्कोर्स. दोन्हींची लांबी दीड मैलाच्या आसपास आहे. लेक मिशिगनच्या काठाजवळ, साउथ हेवन येथे १९९६ पासून जिंजरमन रेसवे आहे. तेथे पोहोचायला अडीच-तीन तास लागतात. हंगाम साधारण एप्रिल ते ऑक्टोबर. सायलेन्सर बदलण्यापूर्वी त्या ट्रॅकची आवाजाची मर्यादा विचारून घ्यावी.

त्या दिवशी सकाळी टायरमधील हवा मोजावी आणि चाकांचे नट टॉर्क पान्याने तपासावेत. प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा पाहावेत. शेवटच्या फेरीत ब्रेक कमीत कमी वापरून गाडी थंड होऊ द्यावी आणि गरम ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवू नये. थकवा जाणवला, तर शेवटची फेरी सोडून द्यावी. ज्या गाडीतून ट्रॅकवर गेलो, तीच गाडी आपल्याला आय-९६ वरून घरी घेऊन येणार असते. तेव्हा निघण्यापूर्वी ब्रेकचे पेडल एकदा दाबून पाहावे आणि ते घट्ट लागले तरच गाडी रस्त्यावर आणावी.