जिवंत दस्तऐवजाचे वाचन : अँटन बॉयसन आणि वूस्टरचे रुग्णालय

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वूस्टर या गावी मनोरुग्णांसाठी एक जुने सरकारी रुग्णालय होते. १९२५ च्या उन्हाळ्यात धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी तिथे शिकायला आले. प्रवचन कसे द्यावे, ग्रंथाचा अर्थ कसा लावावा, हे त्यांना विद्यापीठात शिकवले गेले होते. इथे त्यांना वॉर्डात परिचारकाचे काम करायचे होते, रुग्णांशी बोलायचे होते, आणि जे ऐकले-पाहिले त्याच्या नोंदी घेऊन चर्चेला बसायचे होते. ग्रंथालयातल्या पुस्तकांइतकेच, किंबहुना अधिक, लक्षपूर्वक वाचण्याजोगे असे ‘जिवंत मानवी दस्तऐवज’ या वॉर्डांत आहेत, असे त्यांचे शिक्षक सांगत. हे शिक्षक म्हणजे रुग्णालयाचे धर्मोपदेशक अँटन बॉयसन. चारच वर्षांपूर्वी ते स्वतः अशाच एका रुग्णालयात, कुलपाच्या आतल्या बाजूला होते.

मनोविकार भोगलेल्या माणसाने मनोरुग्णांची सेवा करावी, ही कल्पना बॉयसन यांची नव्हे. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात प्युसँ नावाचे व्यवस्थापक होते. गंडमाळेवर उपचार घ्यायला म्हणून ते तिथे आले आणि तिथेच नोकरीला राहिले. परिचारक नेमताना बऱ्या होत असलेल्या रुग्णांमधून ते निवडत, कारण अशी माणसे रुग्णावर सहसा हात उगारत नाहीत. १७९३ मध्ये फिलिप पीनेल तिथे वैद्य म्हणून आले आणि प्युसँ यांच्याकडून बरेच शिकले. (साखळ्या तोडण्याचे श्रेय पुढच्या दंतकथांनी एकट्या पीनेल यांना दिले. बिसेत्रमध्ये ते काम प्युसँ यांनी पीनेल गेल्यानंतर केले होते.) पुढे अमेरिकेत क्लिफर्ड बिअर्स या येल विद्यापीठाच्या पदवीधराने तीन संस्थांमध्ये सोसलेल्या मारहाणीचा आणि कोंडमाऱ्याचा वृत्तांत १९०८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केला, आणि त्यातून मानसिक आरोग्याची संघटित चळवळ उभी राहिली.

प्युसँ यांच्या व्यवस्थेत अनुभवातून करुणा येते, बिअर्स यांच्या पुस्तकात निषेध. दोन्ही गोष्टी मोलाच्या. पण आजारी पडून गेलेल्या माणसाला आजाराविषयी काही *कळलेले* असते का, हा प्रश्न या दोहोंत नीटसा विचारलेला दिसत नाही. बॉयसन यांचे वेगळेपण इथे आहे. आपण जे भोगले ते वाचता येते, आणि ते वाचायला शिकलो तर दुसऱ्याचेही वाचता येईल, असा त्यांचा दावा होता. साहित्याच्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटावा.

बॉयसन १८७६ मध्ये इंडियाना राज्यातल्या ब्लूमिंग्टन या विद्यापीठाच्या गावी जन्मले. वडील भाषांचे प्राध्यापक. बॉयसन यांनी स्वतःही काही काळ भाषा शिकवल्या, मग वनशास्त्र शिकले, मग धर्मशास्त्राकडे वळले. ॲलिस बॅचेल्डर नावाच्या स्त्रीवर त्यांचे अनेक वर्षे प्रेम होते. तिने ते स्वीकारले नाही. पूर्ण तोडूनही टाकले नाही. १९२० च्या ऑक्टोबरात, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, आपल्या श्रद्धेचे निवेदन लिहायला ते बसले असता जगावर महाप्रलय येणार आहे ही कल्पना त्यांच्या मनात शिरली आणि पाहता पाहता तिने त्यांचा ताबा घेतला. त्यांना रुग्णालयात नेण्यात आले. पुढे वेस्टबरो येथील सरकारी रुग्णालयात हलवले. निदान झाले त्या काळी ‘डिमेन्शिया प्रिकॉक्स’ म्हटल्या जाणाऱ्या, म्हणजे नंतर स्किझोफ्रेनिया हे नाव मिळालेल्या विकाराचे. बरे होण्याची आशा नाही, असे घरच्यांना सांगितले गेले. काही आठवड्यांत ते भानावर आले. दुसऱ्या वर्षी झटका पुन्हा आला, तोही ओसरला. एकूण सुमारे पंधरा महिन्यांनी, १९२२ च्या आरंभी, ते बाहेर पडले.

या मुक्कामात, शुद्धीवर असतील त्या दिवसांत, त्यांनी आजूबाजूला पाहिले. डॉक्टर सज्जन होते, पण रुग्णाच्या मनात नेमके काय चालले आहे यावर त्याच्याशी बोलत नसत. भ्रम आहे एवढे नोंदवले की काम संपले. भ्रम *कशाविषयी* आहे हे विचारणे निरर्थक समजले जाई. रविवारी प्रार्थनेसाठी बाहेरून येणाऱ्या उपदेशकांना रुग्णांच्या आजाराची कल्पना नसे. एकाने तर उजवा डोळा पापाला कारण होत असेल तर तो उपटून टाकावा, या बायबलातल्या वचनावर प्रवचन केले. आपल्या सोबत्यांपैकी कुणी हे शब्दशः घेईल की काय, अशी भीती ऐकणाऱ्या बॉयसनना वाटली. वाच्यार्थ आणि लक्ष्यार्थ यांतला फरक आपण वर्गात फळ्यावर लिहून समजावतो. त्या सभागृहात तो फरक कुणाच्या तरी डोळ्याचा प्रश्न होता, आणि हे त्या वेळी ओळखणारा माणूस व्यासपीठावर नव्हता, श्रोत्यांत होता.

१९२४ मध्ये वूस्टरला नेमणूक झाल्यावर बॉयसन यांनी जी कामे हाती घेतली त्यांतले एक असेच आहे. प्रचलित स्तोत्रसंग्रहात शत्रू, भय, शिक्षा यांची रेलचेल. ज्याला आधीच भिंतींतून शत्रूचे आवाज ऐकू येतात त्याच्या हाती हे द्यायचे कसे? रुग्णालयात गाण्यासाठी त्यांनी निराळी निवड केली आणि १९२६ मध्ये ती पुस्तकरूपाने काढली. काय वगळायचे हे ठरवण्याचा त्यांचा निकष सुरुवातीला ग्रंथांतून आला नसणार. तो वेस्टबरोच्या बाकावरून आला. मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात स्वानुभव कसा उपयोगी पडतो, असे कुणी विचारले तर मला कोणत्याही सिद्धांताआधी हा स्तोत्रसंग्रह आठवतो.

असो. ‘दस्तऐवज’ या शब्दाकडे परत येऊ. दस्तऐवज म्हटले की तो कुणीतरी काही सांगण्यासाठी लिहिलेला असतो हे गृहीत धरावे लागते. अर्थ लागत नाही म्हणून तो फेकून देता येत नाही. आधीची पाने, शब्दांची पुनरावृत्ती, खाडाखोड सगळे पाहावे लागते. बॉयसन विद्यार्थ्यांकडून रुग्णांची चरित्रे लिहवून घेत आणि निष्कर्षाची घाई करू देत नसत. त्या पहिल्या चौघांत हेलन फ्लँडर्स डनबार ही तरुण विदुषी होती. दांतेच्या महाकाव्यातली प्रतीकव्यवस्था आणि मध्ययुगीन विचार या विषयावरचा तिचा ग्रंथ १९२९ मध्ये निघाला, आणि पुढे ती मनोकायिक वैद्यकाच्या संस्थापकांपैकी एक म्हणून ओळखली गेली. प्रतीकाला एकाच वेळी अनेक स्तरांवर अर्थ असतो हे दांतेकडून शिकलेली विद्यार्थिनी वूस्टरच्या वॉर्डात येते, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे मला वाटत नाही.

आता बॉयसन यांचा सिद्धांत. काही तीव्र मनोविकार म्हणजे मोडकळीस आलेल्या जीवाने स्वतःची पुनर्रचना करण्याचा केलेला प्रयत्न असतो. धार्मिक परिवर्तनाच्या अनुभवाशी त्याचे नाते आहे. तो सफल झाला तर माणूस पूर्वीपेक्षा सावरलेला निघतो, फसला तर बुडतो. मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. ‘वेड’ आणि ‘पिसे’ हे शब्द आपल्या संतकवींनी भक्तीसाठी बिनदिक्कत वापरले आहेत. पण शब्दाचे साम्य म्हणजे अनुभवाचे साम्य नव्हे. १९३६ च्या ‘द एक्स्प्लोरेशन ऑफ द इनर वर्ल्ड’ या ग्रंथात त्यांनी १७३ रुग्णांचा अभ्यास मांडला. वादळासारखा येणारा, भयाने आणि अपराधभावाने भरलेला विकार त्यांना आशादायक वाटतो. हळूहळू, निमूटपणे जगापासून मिटत जाणाऱ्यांविषयी ते फारसे आशावादी नाहीत. आशादायक ठरलेला प्रकार नेमका त्यांचा स्वतःचा आहे, ही गोष्ट खटकते. स्वानुभवाने त्यांना एक दार उघडून दिले, आणि सगळे घर त्याच दारातून पाहण्याची सवयही लावली. अनुभवाला अधिकार मानणाऱ्या आपल्या आत्मचरित्रपर वाङ्मयाच्या समीक्षेनेही हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

खरी कसोटी १९३० मध्ये आली. वूस्टरचा प्रयोग वाढून त्याच वर्षी बोस्टनमध्ये धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी रीतसर संस्था स्थापन झाली होती. हार्वर्डचे नामांकित वैद्य रिचर्ड कॅबट हे तिचे मोठे आधार. मनोविकाराचे मूळ शारीरिक असते असे कॅबट मानत, तरी बॉयसन यांच्या पाठीशी ते सुरुवातीपासून उभे होते. त्या वर्षी बॉयसन यांची आई वारली, आणि नोव्हेंबरात त्यांना पुन्हा झटका आला. ते थोड्याच दिवसांत सावरले. पण यापुढे त्यांचा शिक्षणात हात असू नये, अशी भूमिका कॅबट यांनी घेतली.

कॅबट यांना खलनायक करणे सोपे आहे. विद्यार्थ्यांची आणि रुग्णांची जबाबदारी त्यांच्यावरही होती. तरीही त्यांच्या निर्णयात एक न बोललेली अट दिसते : आजाराचा अनुभव उपयोगी आहे, मात्र तो भूतकाळात गेलेला असला पाहिजे. बरा झालेला रुग्ण चालतो, पुन्हा आजारी पडू शकणारा चालत नाही. आता १९२० च्या आजाराने दिलेले ज्ञान १९३० च्या आजाराने खोटे ठरते काय? स्तोत्रांची ती निवड चुकीची ठरते काय? बॉयसन यांनी याचे उत्तर वादात दिले नाही. १९३२ मध्ये ते इलिनॉय राज्यातल्या एल्जिनच्या सरकारी रुग्णालयात धर्मोपदेशक म्हणून गेले. १९३५ मध्ये ॲलिस वारली आणि आजार आणखी एकदा उलटला. त्यातून उठून त्यांनी काम पुढे चालू ठेवले. १९३६ च्या ग्रंथात स्वतःचा आजार लपवला नाही. १९६० मध्ये ‘आउट ऑफ द डेप्थ्स’ या आत्मचरित्रात तर एखाद्या परक्या रुग्णाचे टिपण मांडावे तसा स्वतःचा वृत्तांत क्रमाने मांडला. १९६५ मध्ये त्यांचे निधन झाले.

कॅबट यांची अट मात्र टिकली, एवढी की पुष्कळांनी बोलणेच टाळले. मार्शा लिनेहन यांनी आत्मघाताकडे ओढल्या जाणाऱ्या रुग्णांसाठी विकसित केलेली उपचारपद्धती जगभर वापरात आली, तरी आपण स्वतः तशा रुग्ण होतो हे त्यांनी जाहीरपणे सांगितले ते २०११ मध्ये. त्यासाठी त्यांनी हार्टफर्डचे ‘इन्स्टिट्यूट ऑफ लिव्हिंग’ निवडले. १९६१ मध्ये, सतराव्या वर्षी, त्यांना तिथेच दाखल केले होते. आणि त्याच संस्थेत, ती ‘हार्टफर्ड रिट्रीट’ या नावाने ओळखली जात असताना, क्लिफर्ड बिअर्सही राहून गेले होते. आपल्याकडे १९८६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर आलेले लोक उघडपणे कार्यकर्ते म्हणून काम करतात, आणि व्यसन पुन्हा लागू शकते हे तिथे कुणी झाकून ठेवत नाही. मनोविकाराच्या बाबतीत एवढा मोकळेपणा मराठी डॉक्टरांच्या आणि समुपदेशकांच्या आत्मकथनांत मला अजून फारसा वाचायला मिळालेला नाही.