पाच हजार युनिटांचा आकडा : हेपॅरिन आणि अतिस्थूल रुग्ण

शस्त्रक्रिया यशस्वी व्हावी, जखम भरू लागावी आणि घरी जाण्याच्या आदल्या दिवशी रुग्ण धाप लागून कोसळावा. विसाव्या शतकातील शल्यविशारदांना हा मृत्यू चांगलाच परिचित होता. पायाच्या शिरेत धरलेली रक्ताची गुठळी सुटते आणि फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत जाऊन अडकते. रुडॉल्फ फिरखो यांनी हा मार्ग एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच उलगडला होता. उपाय मात्र नव्हता.

तो सापडला चुकून. १९१६ साली बाल्टिमोरमध्ये, विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत, जे मॅक्लीन हा वैद्यकाचा विद्यार्थी रक्त गोठवणारे द्रव्य शोधत होता. कुत्र्याच्या यकृतातून हाती आले ते नेमके उलटे! त्याच वाटेने पुढे गेलेल्या हॉवेल यांनी यकृताच्या ग्रीक नावावरून १९१८ मध्ये 'हेपॅरिन' हे नाव रूढ केले.

आता १९७५. लंडनमधील भारतीय वंशाचे शल्यविशारद विजय कक्कर यांच्या पुढाकाराने झालेल्या बहुराष्ट्रीय चाचणीत चाळिशीपुढील ४,१२१ रुग्ण होते. निम्म्यांना शस्त्रक्रियेच्या दोन तास आधी आणि नंतर दर आठ तासांनी त्वचेखाली ५,००० युनिट हेपॅरिन टोचले गेले. फुप्फुसातील मोठ्या गुठळीने औषध न मिळालेल्यांपैकी १६ जण दगावले, मिळालेल्यांपैकी २.

मात्रा सर्वांना एकच होती. ना वजनाचा हिशेब, ना वारंवार रक्ततपासणी. ही पद्धत जगभर पसरली ती या सोपेपणामुळेच, आणि तिच्यातील उणीवही तिथेच दडली होती. गंमत अशी की झालेल्या गुठळीवर उपचार करताना हेच औषध पुढे किलोमागे मोजून दिले जाऊ लागले. गुठळी टाळण्यासाठी मात्र साठ किलोच्या आणि एकशे साठ किलोच्या देहाला एकच सुई!

हा प्रश्न ऐरणीवर आला तो लठ्ठपणावरील जठर-शस्त्रक्रिया वाढल्या तेव्हा. या रुग्णांत गुठळीचा धोका मुळातच अधिक. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात एनॉक्सापॅरिन या हेपॅरिनच्या सुधारित रूपाची मात्रा दिवसातून दोनदा ३० ऐवजी ४० मिलिग्रॅम करताच गुठळ्यांचे प्रमाण ५.४ टक्क्यांवरून ०.६ टक्क्यांवर आले. रुग्णांची विभागणी चिठ्ठी टाकल्यासारखी यादृच्छिक नव्हती, त्यामुळे हा पुरावा निर्णायक मानता येत नाही. तरी दुर्लक्ष करावा असाही नाही.

मग सरळ वजनाच्या पटीत औषध का वाढवू नये? कारण हे औषध मुख्यतः रक्तातच राहते, चरबीत फारसे शिरत नाही. आणि वजन दुप्पट झाले म्हणून रक्त दुप्पट होत नाही. हिशेब चुकला तर ताज्या जखमेतून रक्तस्राव ठरलेला. म्हणून कोणी ४० मिलिग्रॅम दोनदा देतो, कोणी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम मोजतो, कोणी रक्तातील औषधाचा परिणाम तपासून मात्रा ठरवतो.

एनॉक्सापॅरिनच्या अमेरिकेतील अधिकृत माहितीपत्रकात स्थूल रुग्णांविषयी स्पष्ट नोंद आहे : प्रतिबंधक मात्रा किती बदलावी, याबाबत एकमत नाही.