निगा: पाहण्यातून आलेला सांभाळ

बल्लारपूरच्या शाळेतलं मूल वहीत 'लुक आफ्टर' असं लिहून त्यापुढे 'काळजी घेणे' हा अर्थ मांडतं, तेव्हा ती जोडी त्याला पाठच करावी लागते. 'लुक' म्हणजे पाहणं, 'आफ्टर' म्हणजे नंतर किंवा मागोमाग. या दोन शब्दांतून आजाऱ्याची शुश्रूषा, गुरांचं दाणापाणी आणि घराची डागडुजी इतकं सगळं कसं निघालं, हे त्याला कोणी सांगत नाही. इंग्रजीची लहर म्हणून ते सोडून दिलं जातं. पण ती लहर नाही. जे इंग्रजीनं केलं तेच मराठीनं एकदा नव्हे, अनेकदा केलं आहे, कधी घरच्या शब्दांनी तर कधी बाहेरून आलेल्या. आपण झाडांची, विहिरीची, म्हाताऱ्या माणसांची 'निगा' राखतो, तेव्हा तोंडी असलेला शब्दही मुळात डोळ्याचाच आहे. त्याचं कूळ शोधताना एक गोष्ट मात्र लक्षात येते: पाहण्यातून नेहमीच माया निघत नाही. त्याच मुळाला पहाऱ्याचीही फांदी फुटते, आणि या दोन फांद्या कुठे वेगळ्या होतात हे चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलाइतकं स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसतं.

आधी शब्दाचं पाहू. फारसीत 'निगाह' म्हणजे नजर, दृष्टी. 'दाश्तन' म्हणजे धरणं, जवळ ठेवणं. 'निगाह दाश्तन' असं म्हटलं की फारसीतच त्याचा अर्थ जपणं, राखणं असा होतो. मराठीनं पहिला शब्द जसाच्या तसा घेतला, त्याच्या शेवटचा हकार गाळला, आणि दुसऱ्याच्या जागी आपलं क्रियापद बसवलं: निगा राखणे. म्हणजे आपण नुसता शब्द उसना घेतला नाही, तर वाक्प्रचाराचा सांगाडाच घेतला आणि त्यावर अर्धं अंग आपलं चढवलं. बहमनी काळापासून दरबाराची आणि दफ्तराची भाषा फारसी राहिली, त्यातून असे शेकडो शब्द मराठीत आले. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, त्याचा हेतूच कारभारातल्या यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देणं हा होता. पर्याय अनेक रुजले, अनेक रुजले नाहीत. पण निगा तर एव्हाना दफ्तरातून उतरून गोठ्यात आणि परसात पोचली. तिच्याच घराण्यातली 'निगराणी' मात्र दफ्तरातच राहिली. अरबी 'नजर' या शब्दाचंही असंच झालं. तहसील कचेरीत आणि न्यायालयात आजही 'नाझर' नावाचा कर्मचारी असतो. त्या शब्दाचा मूळ अर्थ 'पाहणारा' एवढाच आहे. कचेरीतली रोकड, सामान, जप्तीच्या वस्तू यांचा सांभाळ करणाऱ्याला नाव मिळालं ते पाहण्यावरून.

कोणी म्हणेल, हे सगळं परक्यांचं देणं. आपल्या मूळ शब्दसंपत्तीत सांभाळ वेगळ्या मुळातून आला असेल. काही अंशी ते खरं आहे, त्याकडे पुढे येऊ. पण संस्कृतातही डोळा जागोजाग भेटतो. 'अध्यक्ष' हा शब्द अधि आणि अक्ष यांचा, म्हणजे ज्याचा डोळा वर आहे तो. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं दुसरं अधिकरण अध्यक्षांच्याच कामकाजाला वाहिलेलं आहे. त्यात गाईंचा अध्यक्ष आहे, हत्तींचा आहे, आणि जंगलाचा माल गोळा करणारा कुप्याध्यक्षही आहे. त्यानं सांभाळायच्या कठीण लाकडांच्या यादीत पहिलं नाव शाक, म्हणजे सागवान. बल्लारपूरच्या लाकूड आगारात आज ज्या सागाच्या थप्प्या लागतात, त्याच्यावर डोळा ठेवणारा अधिकारी इतका जुना आहे. लॅटिनमध्ये 'तुएरी' या एकाच क्रियापदाचे पाहणं आणि रक्षण करणं असे दोन्ही अर्थ होते. त्यातूनच 'ट्यूटर' आला आणि आपल्या गल्लोगल्ली पोचलेली 'ट्यूशन'ही आली, जिचा मूळ अर्थ पालकत्व असा आहे. ग्रीकांचा 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून पाहणारा; त्याचा पुढे बिशप झाला. आणि इतकं दूर जायचीही गरज नाही. बल्लारपूर हे वर्धा नदीच्या एका काठावर, तर पलीकडचं राजुरा एकेकाळी निजामाच्या राज्यात होतं. या पट्ट्यात तेलुगू घरोघरी ऐकू येते. तेलुगूत पाहणे या अर्थाच्या 'चूचु' धातूपासून 'चूसुको' होतं, म्हणजे सांभाळ, काळजी घे. त्याच वेळी शेजारच्या घरातली वऱ्हाडी वळणाची मराठी सांगते, 'पोराकडं पाहजो'. ही दोन भाषाकुळं वेगळी, तरी निरोप एकच. एकानं दुसऱ्याकडून घेतलं असं मानायला जागा असली, तरी इराणपासून इटलीपर्यंत तेच दिसतं तेव्हा उसनवारीचं उत्तर अपुरं पडतं.

मग प्रश्न असा येतो, की पाहणं म्हणजेच सांभाळणं असेल तर पाहूनही न सांभाळणाऱ्याचं काय? याचं उत्तर आपल्या रोजच्या एका शब्दात आहे: उपेक्षा. हा शब्द उप आणि ईक्ष् यांचा. ईक्ष् म्हणजे पाहणं, उप म्हणजे जवळ. म्हणजे उपेक्षा करणारा पाहत नाही असं नव्हे. तो जवळ आहे, त्याला दिसतं आहे, आणि तो काही करत नाही. याच धातूला दुसरे उपसर्ग लागले की परीक्षा होते, प्रतीक्षा होते, अपेक्षा होते, आणि अव लागला की अवेक्षा, जिचा संस्कृतात लक्ष पुरवणं, काळजी वाहणं असा अर्थ आहे. धातू एकच, माणूस वाट पाहतो, पारखतो, काळजी घेतो की तसाच सोडून देतो, हे ठरवतं ते पुढचं एखादं अक्षर. इंग्रजी हेच काम क्रियापदाच्या मागे शब्द लावून करते. 'लुक' तेच, मागचा शब्द बदलला की शोधणं होतं, तुच्छ लेखणं होतं, सांभाळणं होतं. मराठीनं तिसरी वाट काढली आहे: आपण नाम तेच ठेवतो आणि क्रियापद बदलतो. लक्ष 'ठेवतो' तो पाळतीवर असतो, लक्ष 'देतो' तो मदतीला असतो. शाळेत शिकवताना ही घरची उदाहरणं पुढे ठेवली तर इंग्रजीच्या त्या जोड्या घोकाव्या लागणार नाहीत, असं मला मनापासून वाटतं. 'आफ्टर'चंही तसंच आहे. जाणाऱ्याच्या मागे नजर जात राहणं हा त्या जोडीचा शब्दशः अर्थ. आपणही निराधार माणसाबद्दल म्हणतो, 'त्याच्या मागं पाहणारं कोणी नाही'. समोरून पाहणारे पुष्कळ असतात. सांभाळणारा तो, जो माणूस पाठमोरा झाल्यावरही पाहतो.

बल्लारपूरच्या जन्माची जी दंतकथा सांगतात, तीही याच गोष्टीची आहे. पंधराव्या शतकातला गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह याच्या अंगावर गाठी आणि फोड होते. राजवैद्यांचे उपाय थकले होते. राणीनं त्याला नदीपलीकडची शिरपूरची राजधानी सोडायला लावली आणि वर्धेच्या या काठावर किल्ला उभा राहिला, तो बल्लारपूरचा. पुढे शिकारीला गेलेला राजा तहानेनं व्याकूळ होऊन झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका डबक्याशी थांबला, तिथलं पाणी प्याला, हातपाय धुतले, आणि परतून गाढ झोपला. सकाळी राणीच्या ध्यानात आलं की त्याच्या बऱ्याच गाठी ओसरल्या आहेत. तिनं विचारपूस केली, ती जागा शोधायला लावली. त्या ठिकाणी पुढे अचलेश्वराचं देऊळ झालं आणि जवळच चंद्रपूर वसलं. दंतकथेला इतिहास मानायचं कारण नाही. पण लोकांनी ती कशी रचली ते महत्त्वाचं आहे. राजाला स्वतःला फरक कळलाच नाही. तो कळला तिला, कारण कालचं अंग कसं होतं हे तिला ठाऊक होतं. वैद्यांनीही पाहिलं असणारच; पण रोज पाहणाऱ्यालाच बदल दिसतो, आणि दिसल्यावर ती नुसती हरखून बसली नाही, उठून पाण्याच्या शोधाला लागली. दोन नगरं एका बाईच्या निगेतून उभी राहिली असं सांगणारी कथा या प्रदेशानं पिढ्यान्‌पिढ्या जपली, याचा मला आदर वाटतो.

आता तो राहिलेला आक्षेप. सांभाळाचे सगळे शब्द डोळ्याचे नाहीत. राखणे हा रक्ष् धातूचा, पोसणे पुष् धातूचा. त्यांचा पाहण्याशी संबंध नाही. सांभाळणे या शब्दाबद्दलच दोन मतं आहेत: एक त्याला भार वाहण्याच्या संभृ या मुळाशी जोडतं, दुसरं 'देखभाल' शब्दात उरलेल्या, पाहणे अर्थाच्या भाल् धातूशी. बल्लारपूरच्या कागद कारखान्यात आणि कोळसा खाणीत जो 'मेंटेनन्स' शब्द रुळला आहे, तो तर लॅटिनमधल्या हाताचा: हातात धरून ठेवणं. शिवाय ज्याला दिसत नाही असा माणूसही लेकराला उत्तम सांभाळतो; स्पर्शानं, कानानं, वासानं. तेव्हा डोळा हेच मूळ, हा आग्रह टिकत नाही. मी तो धरतही नाही. डोळा हे लक्षाचं सगळ्यात सोपं नाव आहे, एवढंच. रात्री पिकाला रानडुकरं लागू नयेत म्हणून विदर्भातला शेतकरी माळ्यावर बसतो, त्याला 'जागल' म्हणतात. अंधारात त्याला फारसं दिसत नाही. कामाचं नाव पाहण्यावरून नाही, जागं राहण्यावरून पडलं आहे. पण निगेतला 'पाहणं' हा शब्द ज्यासाठी आहे, तेच जागलही सांगते: तिथे असणं, आणि वेळ आली की उठणं. निगा राखणे या जोडीतही मराठीनं डोळ्याच्या शब्दाला हाताचं क्रियापद जोडून ठेवलं आहेच.

हे उठणं गळून पडलं की निगेची निगराणी होते. १८७८ च्या वन कायद्यानं जंगलाचे राखीव, संरक्षित आणि ग्रामवन असे भाग केले, १९२७ च्या कायद्यानं ते कायम ठेवले. 'राखीव' हा शब्द मराठीत किती मायेचा आहे: लेकरासाठी राखून ठेवलेला खाऊ, बियाणासाठी राखलेली कणगी. पण कायद्यातलं राखीव म्हणजे परवानगीशिवाय जिथे काहीच करता येत नाही ते. जंगलाजवळ राहणारा माणूस तिथे राखणारा राहिला नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची तो झाला. पद वनरक्षकाचं, पण त्याच्या कामाचा मोठा भाग माणसांवरच्या पहाऱ्यात गेला. यावर वन खात्याच्या बाजूनं एक गंभीर उत्तर आहे आणि ते टाळू नये: रेल्वेच्या स्लीपरांसाठी आणि ठेकेदारांच्या कुऱ्हाडीखाली देशभर जंगलं उघडी पडत असताना, कायद्याचा पहारा नसता तर गडचिरोलीतल्या आलापल्लीचा साग उरलाच नसता. हे बरोबर आहे. जाळरेषा काढणारे, वणव्याच्या दिवसांत रात्र रात्र बीटात फिरणारे वनरक्षक हे निगा राखणारेच आहेत, आणि त्यांच्यातल्या कित्येकांनी जंगल गावकऱ्यांइतकंच ओळखलं. दोष माणसांचा नाही, रचनेचा आहे. त्या रचनेत पाहणारा बदलीवर येतो आणि जातो. ज्यांना कालचं जंगल आठवतं, त्यांच्या पाहण्याला मात्र तिनं मोल दिलं नाही.

ते मोल २००६ च्या वनहक्क कायद्यानं दिलं. ज्या सामूहिक वनाचं रक्षण-संवर्धन लोक परंपरेनं करत आले, ते राखण्याचा, पुन्हा वाढवण्याचा आणि चालवण्याचा हक्क त्यात त्यांचा म्हणून लिहिला गेला, आणि ग्रामसभेला तशी सत्ता मिळाली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला; बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती यायला मात्र एप्रिल २०११ उजाडावं लागलं. बल्लारपूरच्या आग्नेयेकडे गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. त्याला २०१२ मध्ये हजार हेक्टरच्या आसपास जंगल मिळालं. तिथल्या लोकांनी पाळीपाळीनं गस्त घालायची ठरवली, बांबू तोडायचे नियम आपणच केले, आणि जंगलाचा एक तुकडा अजिबात हात न लावता ठेवला. त्याहून मोठी गोष्ट तेंदूपत्त्याची. उन्हाळ्यात रोख पैसा देणारं या भागातलं हे मोठं काम. पण पानं चांगली यावीत म्हणून झुडपांच्या फांद्या छाटल्या जातात, आगी लावल्या जातात, आणि त्यात कोवळी रोपं जळतात. हे वर्षानुवर्षं सगळ्यांना दिसत होतं: ठेकेदारांना, खात्याला, मजुरांनाही. पाचगावच्या ग्रामसभेनं तेंदूपत्ता तोडणंच बंद केलं, आणि वर्षभराची मजुरी बांबूतून उभी केली.