मखमलीची लव आणि यंत्राचा टाका

मखमल हे वस्त्र भरतकाम करणाराला मूळचेच प्रतिकूल आहे, ही गोष्ट मखमलीवरील जरतारी वैभवाने दिपून जाणाऱ्या प्रेक्षकाच्या सहसा ध्यानात येत नाही. मलमलीवर घातलेला टाका जेथे घातला तेथेच, घातला तसा दिसतो. मखमलीवर मात्र तोच टाका उभ्या तंतूंच्या दाट लवेत बुडतो, त्याची कड विस्कटते, आणि मोठ्या कष्टाने रेखलेली पाकळी हातभर अंतरावरूनही ओळखू येईनाशी होते. म्हणूनच या वस्त्रावरील कामात जो उठाव, जो थरांवर थर चढविण्याचा सोस आढळतो, त्याला केवळ राजविलासाचा अतिरेक म्हणणे मला अन्यायाचे वाटते. ती मुळात अडचणीतून काढलेली वाट आहे, आणि हाताची जागा यंत्राने घेतल्यावरही ती फारशी बदललेली नाही.

ज्या काळी बिछायतीची व्यवस्था फरासखान्याकडे, उंची वस्त्रांची जामदारखान्याकडे आणि हत्तींची पीलखान्याकडे असे, त्या काळी गादीचे आच्छादन काय, हत्तीची झूल काय, मखमलीवरचे भारी काम म्हणजे कारचोबी, असाच संकेत होता. लाकडी कारचोबावर कापड ताणून कारागीर प्रथम नक्षीच्या आकाराचा पुठ्ठा किंवा सुती दोऱ्याचा भराव लवेवर बसवी. लव त्याखाली दबली, म्हणजे मग त्या उंचवट्यावर कलाबतू पसरून बारीक रेशमी टाक्याने ती जागोजाग बांधून टाकी. मौल्यवान तार कापडाच्या आरपार न्यायचीच नाही, हे या विद्येचे मर्म होय. चौदाव्या शतकातील इंग्लंडात धर्मगुरूंच्या मखमली झग्यांवर भरतकाम करणाऱ्यांनीही प्रथम लवेवर पातळ वस्त्र अंथरून त्यातून टाके घालण्याची युक्ती योजली होती. पुढे पुढे तर त्यांनी आकृती वेगळ्या तागाच्या कापडावर भरून, कातरून मखमलीवर जडविण्याचा सोपा मार्ग पत्करला.

यांत्रिक भरतकामाचा इतिहास सांगताना प्रारंभ बहुधा म्यूलहाउस येथील जोसुए हाइलमान यांच्यापासून करतात. त्यांनी 1828 च्या सुमारास सिद्ध केलेल्या यंत्रात सुया दोन्ही टोकांना अणकुचीदार असून नेढे मध्यभागी होते, आणि चालक एका हाताने मोठ्या केलेल्या आराखड्यावर टोक फिरवी, तसतशी उभी ताणलेली कापडाची चौकट त्या सुयांपुढे सरकत जाई. 1863 मध्ये इझाक ग्रोब्ली यांनी शिवणयंत्राचा धोटा त्यात आणला. या साधनांच्या बळावर सेंट गॅलन परगण्याने भरतकामाची एवढी निर्यात केली, की पहिल्या महायुद्धापूर्वी स्वित्झर्लंडच्या निर्यातीत त्याच मालाला अग्रस्थान होते. परंतु ही सारी भरभराट मुख्यतः पांढऱ्या, पातळ सुती कापडाची. मखमलीच्या दृष्टीने खरी महत्त्वाची घटना पॅरिसची आहे.

1865 मध्ये आंत्वान बोनाझ यांनी साखळीटाक्याच्या यंत्राची सनद मिळविली, आणि पुढे ते यंत्र कॉर्नेली या नावाने जगभर गेले. त्याची सुई आकड्याची आहे. कच्छचे मोची जी आरी प्रथम चामड्यावर आणि नंतर दरबारी रेशमावर चालवीत आले, त्या आरीचीच ती यांत्रिक भगिनी. अठराव्या शतकात युरोपातील कुलीन स्त्रिया गोल चौकटीवर आकड्याने साखळी घालू लागल्या, ती पद्धतही पूर्वेकडूनच तेथे पोचली होती. तेव्हा बोनाझ यांनी मूळ विद्या नवी काढली असे नव्हे, तिला गती दिली.

या यंत्रावर बसलेला कारागीर पाहण्यासारखा असतो. त्याचा उजवा हात मेजाखालच्या दांड्यावर असतो. दांडा ज्या दिशेला वळेल त्या दिशेला कापड सरकते, त्यामुळे कापड न फिरवता वेल वाटेल तशी वळविता येते. धागा खालून येतो, वरून उतरलेला आकडा त्याचा फास लवेच्या वर ओढून घेतो, आणि पुढचा फास त्यात अडकून साखळी तयार होते. धाग्याचा दृश्य भाग वरच राहतो. मखमलीला हवे होते ते नेमके हेच. याच घराण्यातील पुढच्या यंत्रांनी दोन करामती आणखी केल्या. एकात डोरी किंवा फीत लवेवर पसरत जाई आणि सुई ती टिपत जाई, म्हणजे कारचोबी कारागिराचा कलाबतू बांधण्याचा व्यवहार यंत्राच्या अंगी उतरला. दुसऱ्यात फास साखळीत न अडकविता सुटे उभे सोडले जात, आणि त्यांची दाट शेवाळासारखी गादी तयार होई. मखमलीच्या लवेवर धाग्याची दुसरी, अधिक उंच लव उगवावी, हा प्रकार मला तरी या सर्व इतिहासातील सर्वांत चतुर वाटतो. जी लव टाका गिळत होती, तिच्याशी झुंजण्याऐवजी तिच्याच जातीची नक्षी तिच्यावर चढविली.

आता संगणकाच्या हुकमतीखाली अनेक सुयांची यंत्रे चालतात. कारागिराच्या बोटांचे पुष्कळसे काम नक्षी आखणाराच्या टेबलावर गेले, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण क्रम जुनाच आहे. आधी मखमलीच्याच रंगाच्या धाग्याची विरळ जाळी घालून लव निजवायची, मग खालचे आधाराचे टाके, उठाव हवा असल्यास फोमचा पातळ तुकडा, आणि सर्वांवर चकचकीत भरीव टाके. वरून अंथरलेला पारदर्शक पडदा काम संपताच काढतात. तो पाण्यात विरघळणारा असला तरी रेशमी मखमलीवर पाण्याचे डाग राहतात म्हणून शहाणे लोक तो हलकेच फाडून घेतात. कड्यात घट्ट आवळलेल्या मखमलीवर लवेचा चुरडलेला वळसा कायमचा उमटतो, यास्तव कापड कड्यात न धरता खालच्या चिकट अस्तरावर नुसते टेकवितात. शेवटी उलट बाजूने वाफ देऊन लव उभी करतात, आणि त्या वेळी इस्त्री कापडाला लागणार नाही एवढी खबरदारी घ्यावी लागते.