शिक्का, निशाणी आणि दिवाळीचे भेटकार्ड

दिवाळीच्या सुट्टीला आठ दिवस उरले, की आमच्या वरवट बकालच्या पोरांचे अभ्यासात लक्ष राहत नाही. आणि खरे सांगायचे तर मास्तरांचेही राहत नाही. सातपुड्याकडून गार वारे सुटलेले असते, शेतात कापूस फुटलेला असतो, आणि वर्गातली निम्मी डोकी खिडकीबाहेर असतात. अशा वेळी पाढे म्हणवून घेण्यापेक्षा काही तरी हातांना काम द्यावे, म्हणून मी भेटकार्डे करायला घेतो. साहित्य फार लागत नाही. तुटलेल्या हवाई चपलेचा तळवा, सायकलची जुनी ट्यूब, सुताराकडून मागून आणलेले लाकडाचे तुकडे, स्पंजाचा तुकडा आणि तो ठेवायला खोबरेल तेलाच्या डबीचे झाकण. चपलेच्या रबरातून पणती कापायची, ती लाकडाच्या ठोकळ्यावर चिकटवायची, रंगाने भिजलेल्या स्पंजावर टेकवायची आणि पोस्टाच्या कोऱ्या कार्डावर दाबायची. झाला ठसा! एका पणतीत चाळीस कार्डे उजळतात. पाते तेवढे मी माझ्या हाती ठेवतो.

पहिल्या वर्षी एका हुशार मुलाने 'शुभ दीपावली' अशी अक्षरे मोठ्या कष्टाने कापली. दाबून पाहतो तो सगळी अक्षरे उलटी! वर्ग हसून हसून लोळला. एका मुलीने दप्तरातून लहानसा आरसा काढला आणि त्यात धरून मोठ्याने वाचून दाखविले. तो मुलगा रडवेला झाला. मी त्याला म्हटले, "अरे, रडतोस काय? महाराजांचा शिक्का ज्याने कोरला, त्यालाही आधी उलटेच लिहावे लागले असेल." तेवढ्या एका वाक्याने त्या दिवशीचा उरलेला तास इतिहासाचा झाला, आणि हा लेखही त्याच तासातून निघाला आहे.

आपली भाषाच मुळी ठशांनी भरलेली आहे. एखाद्याचा आपल्यावर 'ठसा उमटतो', कुणावर कशाची 'छाप पडते', ठरलेल्या गोष्टीवर 'शिक्कामोर्तब होते'. यांतला 'मोर्तब' हा शब्द अरबीतून आला. (आमच्या गावाच्या नावाशेजारी बसलेला 'बकाल' हा शब्दही अरबीच, मूळ अर्थ धान्य-किराणा विकणारा.) शिक्का आणि मोर्तब या दोन निरनिराळ्या वस्तू होत्या. मराठेशाहीतल्या पत्राच्या माथ्यावर मुद्रा उमटवीत, आणि मजकूर संपला की शेवटी लहान मोर्तब करीत. मुद्रेने पत्र कोणाचे ते कळे. मोर्तबाने ते कोठे संपले ते कळे. मोर्तबाच्या खाली कुणी लबाडाने एक ओळ वाढविली, तरी ती फुकट! लांब पत्रे कागदाचे तुकडे एकाखाली एक डकवून केलेली असत. मधला तुकडा कुणी बदलू नये, म्हणून त्या जोडांवरही शिक्के पडत.

शिवाजी महाराजांची मुद्रा अष्टकोनी आणि संस्कृतात. फारसी शिक्क्यांच्या त्या काळात हीच मोठी गोष्ट होती. प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, शहाजींच्या पुत्राची ही मुद्रा कल्याणासाठी शोभते, असा तिचा आशय. राज्यकर्त्याच्या शिक्क्यात धाक असावा असे जग मानत होते. या शिक्क्यात एक आशीर्वाद होता. मला तर कधी कधी वाटते, की मराठी माणसाचे पहिले शुभेच्छापत्र शोधायचे झाले, तर ते त्या आठ कोनांच्या आतच शोधावे.

पण शिक्का राजाचा, सरदाराचा, कारभाऱ्याचा. ज्याच्या घरात ना शिक्का ना अक्षर, त्या शेतकऱ्याने काय करावे? वतनाचे तंटे गावकीपुढे येत, साक्षी होत, आणि कागदावर प्रत्येकाला आपली खूण करावी लागे. तेव्हा आपल्या पूर्वजांनी जी युक्ती काढली, तिच्याइतकी सुंदर गोष्ट मला जुन्या कागदांत दुसरी दिसत नाही. अक्षर न येणारा माणूस आपले अवजार काढी. पाटील आणि कुणबी नांगर काढीत. सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. शेजारी कारकून लिही, 'निशाणी नांगर'. मी कोण, याचे उत्तर तो माणूस मी काय करतो हे दाखवून देत असे. त्या वेड्यावाकड्या नांगरात लाज नव्हती; उलट थोडी ऐटच होती.

पुढे इंग्रजी अंमल आला आणि निशाणीची जागा अंगठ्याने घेतली. त्याची कथा बंगालमधली. १८५८ साली जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई नावाच्या कंत्राटदाराकडून करारावर सबंध हाताचा छाप घेतला. पुढे कुणी 'ही सही माझी नव्हे' म्हणू नये, हा त्यातला हेतू. यातूनच बोटांच्या ठशांचे शास्त्र वाढले. १८९७ साली कलकत्त्यात ठशांची कचेरी निघाली, आणि त्या ठशांचे वर्गीकरण बसविण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या आपल्याच दोघांची बुद्धी खर्ची पडली. शास्त्र मोठे, उपयोग मोठा. परंतु फरक ध्यानात घ्यावा. नांगर सांगत होता, 'मी शेतकरी आहे.' अंगठा एवढेच सांगतो, की 'मी मीच आहे, माझ्यावर संशय नको.'

रबराचा शिक्का त्या मानाने अगदी अलीकडचा. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत तडके. १८३९ साली अमेरिकेतल्या चार्ल्स गुडइयरला गंधक आणि उष्णता यांचा योग सापडला, १८४४ साली त्याने पेटंट मिळविले, आणि रबर टिकाऊ झाले. गंमत अशी, की शिक्क्यांच्या जन्माला दंतवैद्य कारणी लागले. कवळीसाठी रबर भाजण्याची लहान भांडी त्यांच्याकडे असत. १८६० नंतरच्या दशकात अमेरिकेत पहिले रबरी शिक्के निघाले ते असल्याच भांड्यांतून. खिळे जुळवायचे, त्यांचा प्लॅस्टरमध्ये साचा घ्यायचा, साच्यात गंधक मिसळलेले रबर दाबून भाजायचे, कापायचे आणि मुठीच्या लाकडाला डकवायचे. पितळेचा शिक्का कोरायला कारागिराला दिवस लागत. हा झटपट आणि स्वस्त. मग काय, कचेरी तेथे जांभळी शाई आणि जांभळी शाई तेथे कचेरी असे होऊन बसले.

आमच्या वऱ्हाडात तर माणसांआधी कापसाला शिक्के. १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, तो कापसासाठीच. पुढे १९२५ च्या कायद्याने प्रत्येक गाठीवर ती बांधणाऱ्या प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणे सक्तीचे झाले. गाठ कुठल्या प्रेसची ते खुणेवरून कळे. पण तो कापूस कुणाच्या शेतातला, हे सांगणारी खूण गाठीवर नव्हती.

आता शुभेच्छांकडे वळू. छापील भेटकार्डाचा जन्म लंडनचा. १८४० साली तेथे एका पेनीत पत्र जाऊ लागले आणि लोकांवर पत्रांचा पाऊस पडला. उत्तरे लिहून थकलेल्या हेन्री कोल या गृहस्थाने १८४३ साली हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे कार्ड काढवून घेतले आणि छापून एका शिलिंगाला एक असे विकलेही. म्हणजे भेटकार्डाच्या मुळाशी प्रेम थोडे आणि आळस फार! आपल्याकडे १८५४ साली सबंध हिंदुस्थानासाठी टपालाची तिकिटे आली, आणि १८७९ साली पाव आण्याचे कार्ड आले. त्या कार्डाने गरिबालाही पत्र परवडू लागले. हळदीकुंकवाची बोटे लावलेले कार्ड दारात पडले, की घर हसे. कोपरा फाडलेले कार्ड दिसले, की न वाचताच रडू फुटे. संक्रांतीच्या भेटकार्डाबरोबर पाकिटातून चार दाणे हलव्याचेही येत. घाई असेल त्याला तारेची सोय होती. शुभेच्छांची वाक्ये तारखात्याने आधीच ठरवून त्यांना क्रमांक दिले होते, आणि त्यांतला पहिला क्रमांक दिवाळीचा. नुसता आकडा सांगायचा, की पलीकडे वाक्य पोचे. २०१३ च्या जुलैत तार बंद झाली. आता तयार चित्र एका बोटाने शंभर जणांकडे जाते, आणि शंभरातला एकही ते जपून ठेवीत नाही.

पण ठसा उमटविणे आपल्याला गोऱ्यांनी शिकविलेले नाही. मूठ वळून ती पिठात बुडवावी, कडेने जमिनीवर टेकवावी आणि वर पाच बोटांचे टिपके द्यावेत; लक्ष्मीचे पाऊल उमटते. पोळ्याला बैलाच्या पांढऱ्या अंगावर रंगाचे छापे घालतातच. भेंडी आडवी कापली की फूल मिळते. हे सगळे ठसे कसला हुकूम देत नाहीत, कुणावर संशय घेत नाहीत. ते फक्त म्हणतात, 'ये, घर तुझे आहे.'

हे मी वर्गात सांगत होतो, आणि सांगून मला स्वतःलाच बरे वाटत होते. सांगणे सोपे असते. गेल्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. वर्गातल्या एका मुलीचा बाप कामासाठी दूर गेलेला. घरी ती आणि आजी. तिने बापासाठी कार्ड केले. पाठविणाराच्या जागी स्वतःचे नाव लिहिले आणि मला विचारले, "आजीचं काय लिहू?" मी सहज म्हणालो, "आजीचा अंगठा घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ती कार्ड तसेच घेऊन आली. आजीने निरोप दिला होता : "अंगठा त मी बँकेत देतोच. लेकाच्या कागदावर कायले?"

मी खडू खाली ठेवला. काल ज्याने नांगराच्या निशाणीचे गोडवे गायिले, त्यालाच आज अंगठा आठवला होता! मुलांना शिकविलेले मास्तरांनीही शिकावे लागते, ते असे.

मग आम्ही दोघांनी मिळून चपलेच्या रबराचा नांगर कापला. मुलगी तो ठसा घरी घेऊन गेली. आजीने तो कागदावर दाबून पाहिला आणि विचारले, "याले फाय कोठी हाय?" खरेच, फाळ विसरलो होतो. जन्मभर नांगरामागे चाललेल्या बाईच्या नजरेतून ते कसे सुटणार? दुसरा नांगर कापला, फाळासकट. आजीने तो आपल्या हाताने उमटविला, नातीच्या नावाखाली.

दिवाळीला तो घरी आला आणि सुट्टीनंतर मुलीने ते कार्ड मला आणून दाखविले. बापाने ते खिशात बाळगले होते. घड्या पडून मऊ झाले होते. टपालाचा काळा गोल शिक्का तिकिटावरून घसरून नांगरावर थोडा चढला होता. पण फाळ तेवढा स्वच्छ दिसत होता.