निष्ठावंत कोण, फितूर कोण? पुण्यातली एक बस-सफर

आजचा भाग हेडफोन लावून बसमध्ये ऐकायचा आहे.

कॅनडात काही लोक बस करून आपल्या पूर्वजांच्या जागा बघायला जातात. हे पूर्वज म्हणजे 'लॉयलिस्ट', म्हणजे निष्ठावंत. १७७५ ते १७८३ च्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात ते इंग्लंडच्या राजाच्या बाजूने राहिले आणि हरले. मग हजारो कुटुंबं घरदार सोडून उत्तरेला गेली. १७८९ मध्ये लॉर्ड डॉर्चेस्टरने त्यांच्या वंशजांना खास ओळख दिली. नावापुढे 'यू. ई.' ही अक्षरं आजही लावली जातात. अमेरिकेच्या नजरेत मात्र तेव्हा हेच लोक गद्दार होते.

आता मला सांगा, अशी टूर पुण्यात काढली तर? कंपनी सरकारच्या बाजूने गेलेल्यांची?

मी बिबवेवाडीचा, त्यामुळे बस इथूनच सोडतो. रस्ता थोडा उलटसुलट होईल, पण तारखा सरळ राहतील.

पहिला थांबा पर्वती. ५ नोव्हेंबर १८१७. खडकीला लढाई पेटली होती आणि दुसरा बाजीराव ती इथून बघत होता. मैदानात होते बापू गोखले. पुढे फेब्रुवारी १८१८ मध्ये ते आष्टीला लढता लढता पडले. त्यांच्या निष्ठेबद्दल कुणाचं दुमत नाही.

दुसरा थांबा दापोडी. इथे मेजर फोर्डची पलटण होती. तिचा पगार पेशवे द्यायचे, पण अधिकारी इंग्रज. खडकीच्या दिवशी ही पलटण नदी ओलांडून इंग्रजांना जाऊन मिळाली. पेशव्यांचा सरदार मोरो दीक्षित हा फोर्डचा दोस्त. जो मरेल त्याच्या कुटुंबाला दुसऱ्याने सांभाळायचं, असं दोघांचं ठरलं होतं म्हणतात. त्याच लढाईत दीक्षित पडला. आता या पलटणीतल्या साध्या शिपायाने खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणजे नेमकं कुणाच्या?

तिसरा थांबा शनिवारवाडा. १७ नोव्हेंबर १८१७. वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं, आणि ते चढवलं बाळाजीपंत नातूंनी. दोनशे वर्षं झाली तरी पुण्यात हे नाव शिवीसारखं वापरतात.

पण एक गोष्ट ऐका. ११ फेब्रुवारी १८१८ ला एल्फिन्स्टनने साताऱ्याहून जाहीरनामा काढला. बाजीरावाची चाकरी सोडा, दोन महिन्यांत घरी परता, तुमची वतनं आणि इनामं शाबूत राहतील. घरी परतणाऱ्या अशा प्रत्येकाचा काही पुतळा झाला नाही, आणि त्यांच्या नावाची शिवीही झाली नाही. ठपका राहिला तो एकट्या नातूंवर. बाकीचे गुपचूप आपापल्या वतनावर गेले. त्यांचे वंशज आज आपल्यातच असतील, कदाचित हा भाग ऐकतही असतील.

शेवटचा थांबा नगर रस्त्यावर, कोरेगाव भीमा. १ जानेवारी १८१८. कंपनीच्या तुकडीने इथे पेशव्यांच्या कितीतरी मोठ्या फौजेला दिवसभर थोपवून धरलं. विजयस्तंभावर ४९ नावं आहेत, त्यातले २२ महार सैनिक. स्तंभ उभारला कंपनीने, स्वतःच्या विजयासाठी. पण १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले आणि त्या दगडाचा अर्थच बदलला. आज लाखो लोक येतात ते कंपनीला सलाम करायला नाही. ज्या राज्यात आपल्या पूर्वजांची सावलीही विटाळ मानली जायची, तिथे ते हत्यार घेऊन पाय रोवून उभे राहिले, हे आठवायला येतात. या सैनिकांना फितूर म्हणणाऱ्याने आधी एवढं सांगावं, की त्या राज्याने त्यांना निष्ठा ठेवण्यासारखं काय दिलं होतं?

म्हणून मला वाटतं, निष्ठा हा शब्द एकटा वापरूच नये. कुणाशी, कशाच्या बदल्यात आणि दुसरा रस्ता होता का, हे तीन प्रश्न सोबत हवेत. नातूंना विचारा, दापोडीच्या शिपायाला विचारा, कोरेगावच्या सैनिकाला विचारा. तिघंही कंपनीच्याच बाजूचे, पण तिघांची उत्तरं वेगळी येतील.

आणि जमलं तर घरातल्या जुन्या वतनाच्या कागदांनाही हेच विचारा. उत्तर सापडलं तर मला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!