पट्टी, मेण आणि माइट : व्हरोआ परजीवीतील रासायनिक प्रतिकाराचा इतिहास (१९८७ ते २०२५)

प्रस्तावना

कीटकनाशकांना दाद न देणाऱ्या किडींचा इतिहास बहुधा पिकांच्या संदर्भात लिहिला जातो. कपाशीवरील बोंडअळी हे त्याचे महाराष्ट्रात सर्वपरिचित असलेले उदाहरण होय. मधमाश्यांच्या पेटीत घडलेल्या अशाच इतिहासाकडे अभ्यासकांचे लक्ष क्वचितच गेले आहे. शेतात पीक वाचवायचे असते व कीटक मारायचा असतो. पेटीत मात्र वाचवायचा तोही कीटक, आणि मारायचा तो त्याच्याच अंगाला चिकटलेला अष्टपाद परजीवी. एकाला मारील व दुसऱ्याला फारशी इजा करणार नाही, असे रसायन सापडणे कठीण असल्यामुळे मधपाळांच्या हाती फार थोडी औषधे आली, आणि जे औषध आले त्यावर त्यांनी संपूर्ण भिस्त ठेवली. प्रतिकार निर्माण होण्यास ही भिस्त कितपत कारणीभूत ठरली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यजमानाची अदलाबदल

व्हरोआ हा कोळ्यांच्या वर्गातील माइट. १९०४ मध्ये औडेमान्स या डच शास्त्रज्ञाने जावा बेटावरील नमुन्यांवरून त्याचे प्रथम वर्णन केले. त्याची मूळ यजमान एपिस सेराना ही आशियाई मधमाशी; महाराष्ट्रात जिला सातेरी म्हणतात, ती याच जातीची. या माशीत माइटचे प्रजनन प्रामुख्याने नर माश्यांच्या कोषगृहांपुरते मर्यादित राहते, आणि कामकरी माश्या एकमेकींच्या अंगावरील माइट टिपून काढतात. सहवासाच्या दीर्घ काळात दोघांमध्ये एक प्रकारचा समतोल निर्माण झाला होता.

विसाव्या शतकात अधिक मध देणारी युरोपीय मधमाशी, एपिस मेलिफेरा, पूर्व आशियात नेण्यात आली आणि हा परजीवी तिच्यावर उतरला. युरोपीय माशीत तो कामकरी माश्यांच्या कोषगृहांतही वाढतो, त्यामुळे उपचार न केलेली वसाहत बहुधा काही वर्षांत नष्ट होते. वसाहतींच्या वाहतुकीबरोबर तो १९७० च्या दशकात युरोपात व दक्षिण अमेरिकेत पसरला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो १९८७ मध्ये आणि ब्रिटनमध्ये १९९२ मध्ये आढळला. जगभर पसरलेला हा माइट जावातील मूळ जातीहून वेगळा आहे, हे अँडरसन व ट्रूमन यांनी २००० मध्ये दाखवून त्याला ‘व्हरोआ डिस्ट्रक्टर’ असे नाव दिले. तोपर्यंतचे सर्व संशोधन ‘व्हरोआ जेकबसोनी’ या नावाने झाले आहे, हे जुने निबंध वाचताना ध्यानात ठेवावे लागते.

सोयीची पट्टी

१९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात टाऊ-फ्लुव्हॅलिनेट हे पायरेथ्रॉइड गटातील रसायन ‘अपिस्टान’ या नावाच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्यांतून उपलब्ध झाले. पायरेथ्रॉइड सामान्यतः मधमाश्यांना घातक असतात. परंतु फ्लुव्हॅलिनेटचे विघटन करणारी विकरे मधमाशीच्या शरीरात असल्यामुळे ती ते सहन करू शकते. पट्टी चौकटींच्या मध्ये टांगली की काम झाले. माश्या तिच्यावरून चालत आणि रसायन अंगावरून अंगावर पसरवीत. सहा ते आठ आठवड्यांनी पट्टी काढून घ्यावी अशी सूचना होती.

ती अनेक ठिकाणी काढलीच गेली नाही. हिवाळ्यात पेटी उघडणे गैरसोयीचे असे, आणि पट्टी राहिली तर बिघडते काय, असा समज होता. काही मधपाळांनी त्याहून स्वस्त मार्ग पत्करला. शेतीसाठी विकल्या जाणाऱ्या फ्लुव्हॅलिनेटच्या द्रावणात लाकडी चिपा बुडवून त्या पेटीत ठेवल्या जाऊ लागल्या. अशा चिपेतून किती रसायन किती काळ बाहेर पडते, याला कोणतेच प्रमाण नव्हते.

याचा परिणाम प्रथम इटलीत दिसला. १९९० च्या दशकाच्या आरंभी सिसिली व लोम्बार्डी येथे पट्ट्या लावूनही वसाहती मरू लागल्या. दोष पट्ट्यांचा की माइटचा, हा प्रश्न उदिने विद्यापीठातील नोर्बेर्तो मिलानी यांनी प्रयोगशाळेत सोडविला. रसायनमिश्रित पॅराफिन मेणाचा थर दिलेल्या कुप्यांत माइट ठेवून त्यांनी मृत्यूचे प्रमाण मोजले. १९९५ च्या त्यांच्या निबंधाने माइटच बदलला असल्याचे सिद्ध केले. पुढील काही वर्षांत फ्रान्स, स्वित्झर्लंड व स्लोव्हेनिया येथेही असे माइट सापडले. नैऋत्य इंग्लंडात ते २००१ मध्ये आढळले.

प्रसार की पुनरावृत्ती?

येथे इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. प्रतिकारक्षम माइट एका ठिकाणी निर्माण होऊन पेट्यांबरोबर जगभर गेला काय? तसे असेल तर दोष वाहतुकीकडे जातो. की समान वापरामुळे तो ठिकठिकाणी स्वतंत्रपणे निर्माण झाला?

कागदोपत्री पुराव्यावरून याचा निर्णय लागत नव्हता. तो पुरावा पुढे माइटच्या जनुकांतून मिळाला. पायरेथ्रॉइड मज्जापेशींतील सोडियम वाहिनीवर आघात करतात. गोन्झालेझ-काब्रेरा व सहकाऱ्यांना २०१३ मध्ये ब्रिटनमधील प्रतिकारक्षम माइटमध्ये या वाहिनीच्या ९२५ व्या स्थानी ल्युसिनऐवजी व्हॅलिन आढळले. २०१६ मध्ये अमेरिकेतील माइटची तपासणी झाली, तेव्हा त्याच स्थानी आयसोल्युसिन किंवा मेथिओनिन होते. कुलूप एकच, पण ते निरनिराळ्या किल्ल्यांनी उघडले गेले होते. प्रसाराचा वाटा नाकारता येत नसला, तरी प्रतिकार एकाहून अधिक वेळा निर्माण झाला हे यावरून स्पष्ट होते, आणि दोषाचे माप केवळ वाहतुकीच्या पदरात टाकता येत नाही.

माइटचे प्रजननही याला पोषक आहे. मादी बंद होऊ घातलेल्या कोषगृहात शिरते. तिच्या पहिल्या अंड्यातून नर जन्मतो आणि त्याचे मीलन बहुतांशी त्या बंद खोलीतील त्याच्या बहिणींशीच होते. अशा सगोत्र संकरामुळे एखादे प्रतिकारक जनुक अल्प पिढ्यांत दोन्ही प्रतींत स्थिर होऊ शकते.

मेणातील शिल्लक

फ्लुव्हॅलिनेट मेदात विरघळणारे असल्यामुळे ते पोळ्याच्या मेणात साठते. जुने मेण वितळवून त्याचे नवे मेणपत्रे केले जातात, आणि वितळविण्याने ते रसायन नाहीसे होत नाही. त्यामुळे उपचार थांबविलेल्या पेटीतही अल्प मात्रेचा मुक्काम राहतो. शेतातील कीड पावसाळ्याबरोबर औषधातून सुटते. पेटीतील माइटला तसा मोकळा काळ क्वचितच मिळतो. मेणाची ही देवघेव उद्योगाच्या काटकसरीचा भाग होती आणि एरवी ती गैर मानण्याचे कारण नव्हते.

याची दुसरी बाजूही मिलानी व देल्ला वेदोवा यांनी २००२ मध्ये नोंदविली. पायरेथ्रॉइडचा वापर थांबविलेल्या वसाहतींत प्रतिकारक्षम माइटचे प्रमाण घटत गेले, परंतु ते पूर्णपणे नाहीसे झाले नाहीत. म्हणजे औषध परत वापरता येईल, पण थोड्याच काळासाठी.

दुसरे आणि तिसरे औषध

अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात फ्लुव्हॅलिनेट निष्प्रभ ठरू लागले, तेव्हा १९९९ मध्ये कौमाफॉस या ऑर्गॅनोफॉस्फेट रसायनाच्या पट्ट्यांना आणीबाणीची परवानगी देण्यात आली. जनावरांवरील गोचिडांसाठी वापरले जाणारे हे रसायनही मेणात साठणारेच होते. २००१ मध्ये फ्लॉरिडात त्यालाही दाद न देणारे माइट आढळले. पहिल्या औषधाला साधारण दहा वर्षे मिळाली होती, दुसऱ्याला दोन. आणीबाणीच्या परवानगीने औषध बदलले. ते सर्वत्र, एकट्याने आणि पुनःपुन्हा वापरण्याची रीत तशीच राहिली. परवाना देणाऱ्यांनी वापराच्या फेरपालटाची अट प्रथमच घातली असती तर काय झाले असते, हा प्रश्न गैरलागू नाही. पण १९८८ मध्ये फेरपालट करण्यास दुसरे सोयीचे औषधच नव्हते, हेही मान्य करावे लागते.

त्यानंतर मोठ्या व्यावसायिक मधपाळांची मदार अमिट्राझवर आली. ते मेणात लवकर विघटित होत असल्याने अधिक निर्धोक वाटले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार ऑक्टोपामिन ग्राहीतील दोन निरनिराळे बदल, एक फ्रान्समध्ये व एक अमेरिकेत, या प्रतिकाराशी निगडित आहेत. म्हणजे सोडियम वाहिनीबाबत घडले तेच येथे दुसऱ्या रेणूवर घडले. याच काळात ऑक्झॅलिक आम्लाचा पर्याय युरोपात रूढ होता. अमेरिकेत त्याला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. ते बंद कोषगृहात पोहोचत नसल्यामुळे पोळ्यात अळ्या-कोष नसतानाच अधिक परिणामकारक ठरते, आणि हजारो पेट्या ट्रकवर लादून बदामाच्या बागांमागे फिरणाऱ्या व्यावसायिकाला ती वेळ साधणे अवघड जाते.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात अमेरिकेतील व्यावसायिक मधपाळांच्या साठ टक्क्यांच्या आसपास वसाहती नष्ट झाल्या. अमेरिकी कृषी विभागाच्या शास्त्रज्ञांनी २०२५ मध्ये त्या वसाहतींचे नमुने तपासले. मृत्यूचे नजीकचे कारण माइटकडून पसरणारे विषाणू असल्याचे आढळले. तपासलेल्या जवळजवळ प्रत्येक माइटमध्ये अमिट्राझ-प्रतिकाराची जनुकीय खूण होती.